‘मस्ट बी क्लोज’: खोडली तरी परत येणारी चूक

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी कागदपत्रं तपासायचं काम करते. कागदपत्रं म्हणजे एसओपी (एखादं काम कसं करायचं याच्या लेखी सूचना), चेकलिस्ट, ग्राहकांना जाणारी पत्रं, ऑडिटच्या फायली. लिहिणारी माणसं कामात पक्की आहेत. नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतील. इंग्रजीही बरं लिहितात. पण एक चूक अशी आहे की लाल पेनाने खोडून दिली तरी पुढच्या आवृत्तीत ती हजर.

मागच्या ऑडिटमध्ये ती चव्हाट्यावर आली. टाकी धुण्याच्या एसओपीत दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, ‘द इनलेट व्हॉल्व्ह मस्ट बी क्लोज बिफोर क्लीनिंग.’ ऑडिटरांनी ओळ वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘क्लोज टु व्हॉट?’ कशाच्या जवळ? आमचे मेंटेनन्सचे साहेब गोंधळले. त्यांना म्हणायचं होतं की धुण्याआधी व्हॉल्व्ह बंद केला पाहिजे. पण ‘बी’नंतर नुसता ‘क्लोज’ आला की त्याचा अर्थ ‘जवळ’ असा होतो. म्हणजे कागदावर आम्ही लिहिलं होतं, टाकी धुण्याआधी व्हॉल्व्ह जवळपास असू द्या.

शेवटी एक डी लावायचा राहिला होता, ‘क्लोज्ड’ हवं होतं. तो डी लावून फाईल पुढे सरकली. पण त्याच आठवड्यात ‘कॅन बी सेंड’, ‘मस्ट बी सबमिट’, ‘शुड रिपेअर्ड’ आणि ‘प्रॉब्लेम मस्ट बी हॅपन्ड’ अशा चार ओळी माझ्या टेबलावर आल्या. लिहिणारे चार वेगळे. तेव्हा ठरवलं की एकेक डी लावत बसण्यापेक्षा ही गळती कुठून होते ते आधी बघायचं.

नियम सगळ्यांना येतो, तरीही

शाळेत ‘चेंज द व्हॉइस’ सगळ्यांनी केलेलं असतं. कॅन, मस्ट, शुड, मे, विल यांच्यापुढे ‘बी’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. मी विचारलं तेव्हा चौघांनीही हा नियम घडाघडा म्हणून दाखवला. म्हणजे पाठांतरात गडबड नाही.

गडबड अशी की दुसरा एक नियम याहून खोल रुजलेला असतो: मस्टपुढे क्रियापद मूळ रूपात येतं. ‘यू मस्ट सबमिट.’ हा नियम बरोबरच आहे. पण पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी रचनेत, मूळ रूपाची ती जागा ‘बी’ने अडवलेली असते. मस्टच्या लगेच पुढे ‘बी’ बसला, तो मूळ रूपातच आहे, नियम तिथेच पाळून झाला. पुढच्या क्रियापदावर मस्टचा काही हक्क उरत नाही, ते आता ‘बी’चं ऐकतं. ‘मस्ट बी सबमिट’ लिहिणारा माणूस एकच नियम दोनदा लावत असतो. ‘शुड रिपेअर्ड’ लिहिणाऱ्याचं उलटं होतं, त्याला तिसरं रूप आठवतं पण ‘बी’ गळतो.

‘कॅन बी सेंड’ची गोष्ट वेगळी, ती कानाची आहे. ‘सेंट’ आणि ‘सेंड’ बोलताना आपल्याकडे जवळजवळ सारखेच येतात. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर इथे गप्प बसतं, कारण सेंड हा शब्द म्हणून बरोबरच आहे. सेंड, स्पेंड, लेंड, बिल्ड या चौघांचं तिसरं रूप टीने संपतं, एवढं मी एका चिठ्ठीवर लिहून स्टोअरच्या कॉम्प्युटरला चिकटवलं आणि तिथून येणाऱ्या चुका बऱ्याच कमी झाल्या. तसेच काही शब्द बदलतच नाहीत: कट, पुट, सेट, शट, हिट. ‘मस्ट बी सेट’ बरोबर आहे, उगाच ‘सेटेड’ करू नये. ‘रीड’ही तसाच राहतो, फक्त तिसऱ्या रूपात त्याचा उच्चार ‘रेड’ होतो.

एवढ्यावर साध्या चुका संपतात. खरा गुंता पुढे आहे, आणि तो मराठीतून येतो.

उघडा असला पाहिजे की उघडला पाहिजे

‘क्लोज’ लिहिणाऱ्या साहेबांवर अन्याय नको. त्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘द ड्रेन व्हॉल्व्ह मस्ट बी ओपन.’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ‘ओपन’ हे क्रियापदही आहे आणि ‘उघडा’ या अर्थाचं विशेषणही. मग ओपन चालतं तर क्लोज का नाही? साहेबांनी तर्क केला तो चांगल्या माणसाचा तर्क होता. इंग्रजीच इथे वाकडी आहे. ‘उघडा’ला ओपन, पण ‘बंद’ला क्लोज्ड.

ही जोडी मला पुढे फार उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे मूळ प्रश्न दिसला. ‘मस्ट बी’च्या पुढे दोन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात: एक स्थिती, एक कृती. मराठीत त्यांची कधीच गल्लत होत नाही, कारण आपण स्थितीला ‘असला पाहिजे’ म्हणतो आणि कृतीला ‘केला पाहिजे’. टाकी स्वच्छ असली पाहिजे: ‘द टँक मस्ट बी क्लीन.’ टाकी स्वच्छ केली पाहिजे: ‘द टँक मस्ट बी क्लीन्ड.’ दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात, म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला टोकणार नाही. पण रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या हातात पहिलं वाक्य गेलं तर तो झाकण उघडून बॅटरी मारेल, ‘दिसतेय की स्वच्छ’ म्हणेल आणि पुढे जाईल. दुसरं वाक्य असेल तर टाकी कशीही दिसो, ती धुवावीच लागते. ड्राय आणि ड्राइड, एम्प्टी आणि एम्प्टीड यांचंही तेच.

म्हणून आमच्याकडे आता रीत अशी आहे: इंग्रजी वाक्याशेजारी पेन्सिलीने मराठी क्रियापद लिहायचं. ‘असला’ लिहिलं तर पुढे विशेषण. ‘केला’ लिहिलं तर पुढे तिसरं रूप. ‘ठेवला’ लिहिलं तर ‘मस्ट बी केप्ट क्लोज्ड’. या तिसऱ्याची गरज का पडते? ‘मस्ट बी क्लोज्ड’ हे इंग्रजीत ‘बंद केला पाहिजे’ आणि ‘बंद असला पाहिजे’ या दोन्ही अर्थांनी वाचता येतं. काम चालू असेपर्यंत बंदच राहायला हवा असेल तर ‘केप्ट’ किंवा ‘रिमेन’ घातल्याशिवाय ते पक्कं होत नाही.

खरा गुन्हेगार: असावा

आता ‘प्रॉब्लेम मस्ट बी हॅपन्ड’. ही चूक मी किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही, आणि बरीच वर्षं मी ती नुसती खोडत होते. एकदा लिहिणाऱ्यालाच विचारलं, दादा, मराठीत काय म्हणायचंय? तो म्हणाला, ‘प्रॉब्लेम रात्रीच झाला असावा.’ आणि लख्ख उजेड पडला. झाला म्हणजे हॅपन्ड. असावा म्हणजे मस्ट बी. त्याने शब्दाला शब्द ठेवून चोख भाषांतर केलं होतं!

मराठीत घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज आपण ‘असणे’ वापरून बांधतो. झाला असावा, गेला असेल, पोचलं असणार. ‘असणे’ म्हणजे ‘बी’ हे समीकरण पहिल्या इयत्तेपासून डोक्यात बसलेलं. इथे मात्र इंग्रजीला ‘बी’ नको असतो, ‘हॅव’ हवा असतो. झाला असावा: ‘मस्ट हॅव हॅपन्ड.’ पोचलं असेल: ‘विल हॅव रीच्ड.’ आणि अंदाज पॅसिव्हमध्ये बांधायचा असेल तर दोन्ही लागतात. व्हॉल्व्ह चुकून उघडला गेला असावा: ‘द व्हॉल्व्ह मस्ट हॅव बीन ओपन्ड बाय मिस्टेक.’ आधी हॅव, मग बीन, मग तिसरं रूप. क्रम बदलत नाही.

हे नुसतं व्याकरण नाही, यात व्यवहार अडकतो. एका ग्राहकाने विचारलं, माल निघाला का? आमच्या स्टोअरमधून उत्तर गेलं, ‘मटेरियल मस्ट बी डिस्पॅच्ड यस्टर्डे.’ म्हणायचं होतं, कालच पाठवला असणार. पण कालचा दिवस वाक्यात नसता तर त्याचा सरळ अर्थ होता, माल पाठवलाच पाहिजे. ग्राहकालाच हुकूम! ‘यस्टर्डे’मुळे तो हुकूम अर्धवट राहिला आणि ग्राहकाने फोन करून विचारलं की नक्की गेलाय की जायचाय. हवं होतं ‘मस्ट हॅव बीन डिस्पॅच्ड’. आणि खरं सांगायचं तर त्याहून बरं म्हणजे रजिस्टर बघून ‘वॉज डिस्पॅच्ड’. ग्राहकाला अंदाज कशाला कळवायचा?

याच घरातली दुसरी चूक जरा छुपी आहे. ‘हे कालच करायला पाहिजे होतं’ याचं इंग्रजी बरेचजण ‘दिस मस्ट हॅव बीन डन यस्टर्डे’ असं करतात. पाहिजे म्हणजे मस्ट, होतं म्हणून हॅव बीन. रचना निर्दोष, पण अर्थ पालटला. ‘मस्ट हॅव बीन डन’ ऐकणाऱ्याला साधारणपणे ‘केलं गेलं असावं’ असा अंदाज कळतो. राहून गेलेल्या कामाची चुटपूट सांगायला ‘शुड हॅव बीन डन’ लागतं. म्हणजे तुम्ही कळवताय ‘काम राहिलं’ आणि समोरचा वाचतोय ‘काम झालं असणार’. करायला हवं होतं: शुड हॅव बीन. केलं गेलं असावं: मस्ट हॅव बीन. टाळता आलं असतं: कुड हॅव बीन अव्हॉइडेड. माझ्या मते या तीन ओळी पाठ केल्या तरी अर्धी पत्रं सुधारतील.

‘बीन’च्या जागी ‘बीइंग’ पडणं हा याचाच धाकटा भाऊ. कॅन, मस्ट, शुड यांच्या लगेच पुढे ‘बीइंग’ कधीच येत नाही. ‘विल बी बीइंग रिपेअर्ड’ व्याकरणात चालतं, पण कानाला खुपतं. त्यापेक्षा ‘विल बी अंडर रिपेअर’ लिहावं.

पोचणे आणि पोचवणे

‘मस्ट हॅव हॅपन्ड’मध्ये ‘बीन’ का नाही, असं त्याच दादांनी मग विचारलं. प्रश्न रास्त होता. हॅपनला कर्म नसतं, आणि कर्म नाही तर पॅसिव्ह नाही. पण ‘कर्म’ म्हटलं की समोरचा शाळेतली कंटाळवाणी दुपार आठवून मान डोलावतो आणि पुन्हा तेच लिहितो. म्हणून मी दुसरा रस्ता काढला, आणि तो मराठीत आयता बांधलेला आहे.

आपल्याकडे क्रियापदं जोडीने राहतात. पोचणे आणि पोचवणे. थांबणे, थांबवणे. पडणे, पाडणे. तुटणे, तोडणे. होणे, करणे. जोडीतल्या पहिल्यात गोष्ट आपली आपण घडते, दुसरीत कोणीतरी ती घडवतं. तुमच्या मनातलं मराठी क्रियापद जोडीतलं पहिलं असेल तर इंग्रजीत ‘बी’ लावायचा नाही. दुसरं असेल तर लावायचा. माल सोमवारी पोचेल: ‘विल अराइव्ह’. माल सोमवारी पोचवला जाईल: ‘विल बी डिलिव्हर्ड’. ‘विल बी अराइव्ड’ नाही म्हणजे नाही. हॅपन, ऑकर, अराइव्ह, अपिअर, रिमेन, कन्सिस्ट, बिलाँग ही नेहमी फसवणारी मंडळी. यांच्या अंगाला ‘बी’ लागलेला दिसला की खोडा.

फसण्याचं कारण इथेही मराठीतच आहे. आपल्या भावे प्रयोगात अकर्मक क्रियापदंही ‘पाहिजे’ आणि ‘यावे’च्या साच्यात आरामात बसतात: ‘आता निघालं पाहिजे’, ‘वेळेवर हजर राहण्यात यावे’. इंग्रजीला हे जमत नाही.

मग इन्क्रीज, ब्रेक, स्टॉप, चेंज यांचं काय? हे दोन्हीकडे नांदतात, आणि इथे निवड व्याकरणाची नसून हेतूची असते. ‘प्राइसेस मे इन्क्रीज’ म्हणजे दर वाढू शकतात, पाऊस पडू शकतो तसे. ‘प्राइसेस मे बी इन्क्रीज्ड’ म्हणजे कोणीतरी दर वाढवू शकतं. आमच्या पर्चेसवाल्यांना पुरवठादाराच्या पत्रात पहिलं वाक्य दिसलं की ते लगेच सावध होतात. दर आपोआप वाढत नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक.

‘पर्यंत’चा घोळ

ही चूक पॅसिव्हची नाही, पण राहते पॅसिव्हच्याच घरात. ‘अर्ज शुक्रवारपर्यंत जमा केले पाहिजेत’ याचं ‘मस्ट बी सबमिटेड टिल फ्रायडे’ होतं. मराठीत ‘पर्यंत’ एकच आहे: शुक्रवारपर्यंत द्या, शुक्रवारपर्यंत थांबा. इंग्रजीत मात्र मुदतीला ‘बाय’ आणि चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’. शुक्रवारपर्यंत केव्हाही एकदा करायचं असेल तर ‘बाय फ्रायडे’. शुक्रवारपर्यंत चालूच ठेवायचं असेल तर ‘टिल फ्रायडे’. ‘द व्हॉल्व्ह मस्ट बी केप्ट क्लोज्ड टिल फ्रायडे’ बरोबर, ‘द रिपोर्ट मस्ट बी सबमिटेड टिल फ्रायडे’ चूक.

‘बाय’ तर दुहेरी नोकरी करतो, कर्त्यालाही तोच. शाळेने ‘रावणा इज किल्ड बाय रामा’ इतकं घोटून घेतलंय की ‘बाय’शिवाय वाक्य उघडं वाटतं. त्यातून ‘द फॉर्म मस्ट बी फिल्ड बाय यू बाय फ्रायडे’ असा प्रकार जन्मतो. परीक्षेत ‘बाय’ गाळला की मार्क जायचे. कारखान्यात तो ठेवला की वाचणारा अडखळतो. कर्ता उघड असेल तर गाळा. महत्त्वाचा असेल तर मग पॅसिव्ह कशाला? ‘यू मस्ट फिल’ लिहा.

नकार

‘नको’ हा आपला शब्द फार सोयीचा आणि फार धोक्याचा. ‘फिल्टर दर आठवड्याला बदलायला नको’ यात मनाई आहे की मोकळीक? बोलताना सुरावरून कळतं. कागदावर सूर नसतो. इंग्रजीत दोन वेगळ्या खिडक्या आहेत. बदलू नये: ‘मस्ट नॉट बी रिप्लेस्ड’. बदलावा लागत नाही, बदलला तरी हरकत नाही: ‘नीड नॉट बी रिप्लेस्ड’. मस्टला नॉट जोडला की ‘गरज नाही’ असा अर्थ होईल असं वाटणं साहजिक आहे, पण होते ती सक्त मनाई. आमच्या एका चेकलिस्टमध्ये ‘ग्लोव्ह्ज मस्ट नॉट बी वोर्न’ असं लिहून आलं होतं, आणि लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की त्या कोरड्या कामाला हातमोजे लागत नाहीत. छापायच्या आधी पकडलं.

उपाय तोच पेन्सिलीचा: शेजारी ‘नको’ लिहायचंच नाही. ‘नये’ लिहा किंवा ‘लागत नाही’ लिहा, इंग्रजी आपोआप सुचेल.

कोणी करायचं?

‘ऑइल लेव्हल शुड बी चेक्ड डेली.’ व्याकरण चोख. पण दिवसपाळीला वाटतं रात्रीचे बघतील, रात्रपाळीला वाटतं सकाळी बघितलं असेल. ‘करण्यात यावे’ या सरकारी मराठीवर आपण हसतो आणि इंग्रजीत नेमकं तेच लिहितो. रजेच्या अर्जातलं ‘लीव्ह मे काइंडली बी सँक्शन्ड’ हे त्याचंच सख्खं भावंड. ते चुकीचं नाही, आपल्याकडच्या दफ्तरी इंग्रजीत मुरलेलं आहे, पण एसओपीत त्याला जागा नको. एसओपीत सरळ आज्ञार्थ घाला: ‘चेक द ऑइल लेव्हल.’ सुरुवातीला सगळ्यांना ते उद्धट वाटलं. वरिष्ठांना असं कसं सांगायचं? पण एसओपी वरिष्ठ वाचत नाहीत, यंत्रापाशी उभा असलेला माणूस वाचतो, आणि त्याला अदबीपेक्षा स्पष्टपणा हवा असतो.

आणि ‘शुड’. आपल्या ‘पाहिजे’त शुडही मावतं आणि मस्टही. आयएसओच्या मानकांत मात्र हे शब्द वाटून दिलेले आहेत: शॅल म्हणजे बंधनकारक, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता. ‘शुड बी चेक्ड’ लिहिलं तर ऑडिटर म्हणू शकतो की ही तुमची सूचना झाली, नियम कुठाय? मराठीत ‘तपासलंच पाहिजे’ असा ‘च’ लागत असेल तर इंग्रजीत शुड पुरत नाही.

मग पॅसिव्ह नकोच का? तसंही नाही. नियम सगळ्यांना सारखा लागू असतो, करणारा कोण हे गौण असतं, तिथे त्याच्यासारखी भारदस्त रचना नाही. संविधानाचं कलम २१ बघा: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टु प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ कोण हिरावून घेणार हे सांगितलेलं नाही, म्हणून कायद्याने घालून दिलेली पद्धत सोडून ते कोणालाही हिरावता येत नाही. कलम २४ आम्हाला रोजच्या कामाला उपयोगी पडतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात किंवा खाणीत ठेवायचं नाही, हे सांगताना त्यात एकच ‘शॅल बी’ आहे आणि तो दोन क्रियापदं ओढतो: ‘शॅल बी एम्प्लॉइड’ आणि पुढे बऱ्याच शब्दांनंतर ‘ऑर एंगेज्ड’. एंगेज्डचा डी तिथपर्यंत टिकून आहे. आमच्याकडे ‘द फॉर्म मस्ट बी फिल्ड अँड सबमिट’ होतं, कारण ‘अँड’पर्यंत पोचेतो ‘बी’ विसरलेला असतो. एका ‘बी’खाली जितकी क्रियापदं, तितकी सगळी तिसऱ्या रूपात.

आपल्याकडे हे नवीन नाही

हे सगळं परकं वाटतं म्हणून अवघड जातं, असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. ‘पाहिजे’ हा शब्दच मुळात जुन्या मराठीतलं कर्मणी रूप आहे: पाहणे, त्याला ‘-इजे’. ‘म्हणजे’ही तसाच, ‘म्हणिजे’वरून आलेला. ज्ञानेश्वरीतला ‘मानिजे’ आठवा. मानला जावा, मानावा. मस्ट, बी आणि तिसरं रूप असं तीन शब्दांत इंग्रजी जे सांगते, ते एका शब्दात बसायचं. ही रूपं बोलण्यातून गेली, पण ‘अर्ज भरला पाहिजे, चिठ्ठी लिहिली पाहिजे’ म्हणताना आजही क्रियापद अर्जाच्या आणि चिठ्ठीच्या तालावर बदलतं, करणाऱ्याच्या नाही.

उलट गंमत अशी की इंग्रजीच्या नादाने आता आपली मराठी वाकडी व्हायला लागली आहे. ‘तिकीट ऑनलाइन बुक केलं जाऊ शकतं’ अशी पाटी वाचली की माझं पेन शिवशिवतं. ‘काढता येतं’ हे दोन शब्द असताना ही द्राविडी प्राणायामाची हौस कशाला?

शोधायची रीत

फाईल पाठवण्याआधी पाच मिनिटं द्या. शोधपट्टीत ‘बी’चं इंग्रजी स्पेलिंग टाका, पुढेमागे एकेक मोकळी जागा सोडून, म्हणजे ‘बिफोर’ आणि ‘नंबर’ मध्ये येणार नाहीत. मग एकेका ‘बी’वर थांबायचं आणि फक्त पुढचा शब्द वाचायचा. पूर्ण वाक्य वाचू नका. वाक्य वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि गळलेला डी त्याला दिसत नाही. ‘बी सेंड’, ‘बी क्लोज’, ‘बी सबमिट’ असे जोडशब्द एकटे दिसले की लगेच खटकतात. ‘प्रॉपरली’सारखा एखादा शब्द मध्ये आला असेल तर त्याच्या पुढचा वाचा. ‘अँड’ दिसला तर त्याच्याही पुढे जा.

यात ‘बी’ गळलेल्या ओळी सापडत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या फेरीत मस्ट, शुड, कॅन, मे, विल, शॅल शोधायचे आणि पुढचा शब्द ईडीने संपतो का बघायचं. ‘शुड रिपेअर्ड’ इथे सापडतं. ‘मस्ट हॅव’ आणि ‘शुड हॅव’ची प्रत्येक जागा मात्र मराठीत मनाशी म्हणूनच तपासावी लागते: असावं की हवं होतं? तिथे शोधपट्टीचं काही चालत नाही.

साहेबांनी टाकीची एसओपी अशी दोनदा चाळून परत पाठवली. ‘मस्ट बी केप्ट क्लोज्ड’ असं बरोबर लिहिलं होतं, आणि सोबत एक प्रश्न होता. व्हॉल्व्हच्या चाकावर बाण आहेत, एकावर ओपन, दुसऱ्यावर क्लोज असं ओतीवच आलंय. तिथेही डी रंगवून घेऊ का?

मी कळवलं, नको, तिथे बरोबर आहे. त्या बाजूला फिरवा, असा तो हुकूम आहे.